तिकीट विकणारा आणि टॉवेल टाकणारा एकच माणूस असला तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इचलकरंजीत पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही २२ मुलं आणि ५ मुलींना बॉक्सिंग शिकवता, बहुतेक सगळी यंत्रमाग कामगारांच्या घरातली. गावातले एक वजनदार कार्यकर्ते येत्या वाढदिवसाला चौकात ‘बॉक्सिंग नाइट’ भरवा म्हणतात. रिंग, लाइट, साउंड सगळा खर्च त्यांचा, आयोजक म्हणून नाव तुमचं. अट एकच: तुमच्या सोळा वर्षांच्या सगळ्यांत तयार पोराची लढत शेवटची ठेवायची, मोठ्या रोख इनामाची. त्यावर तुम्ही विचारलंय की प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, होणं आणि पोरं घडवणं एकाच माणसाला जमतं का, पैसा आणि वेळ किती जातो, आणि घरचे म्हणतात तशी सरळ नोकरी धरावी का.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये २००१ पासून बॉक्सिंगचा हॉल चालवतो आणि २००९ पासून लढती भरवतो. हौशी स्पर्धा, रविवारच्या मैत्रीपूर्ण लढती, आणि चार वेळा व्यावसायिक कार्यक्रमसुद्धा. त्यामुळे जे लिहितोय ते माझ्या हॉलपुरतं खरं आहे. तुमचं गाव वेगळं, तुमच्या जिल्हा संघटनेचे तुमच्याशी संबंध कसे आहेत ते मला ठाऊक नाही, आणि पोरांच्या घरची परिस्थिती तुम्हीच जाणता. तेवढं धरून वाचा.

जमतं का? जमतं. पैसा कुठून तरी उभा राहतो, वेळही निघतो. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे आणि तो जास्त अवघड आहे. त्या रात्री, हजार माणसं शिट्ट्या मारत असताना, त्या पोराच्या बाजूने ‘नाही’ म्हणणारा माणूस कोण असेल? आयोजक तुम्ही, प्रशिक्षकही तुम्ही, आणि पैसे देणारा पहिल्या रांगेत बसलेला. मग ‘नाही’ म्हणायला उरतं कोण?

तुमच्या भागात हे समजावून सांगायला नको. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात कमिटी वेगळी असते, जोड लावणारी जाणती माणसं वेगळी असतात आणि वस्ताद वेगळा असतो. कमिटीला गर्दी हवी असते. जोड लावणारा वजन, उंची, तयारी बघतो. वस्ताद फक्त आपला पठ्ठ्या बघतो. त्याने मान हलवली की जोड मोडते, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. बॉक्सिंग आपल्याकडे आलं ते पलटणी, रेल्वे, पोलीस आणि मिशनच्या शाळांतून. ही तीन माणसांची रीत त्याच्याबरोबर आली नाही. आपण ती आपल्या तालमीतून उचलायला हवी.

हे मला कसं कळलं ते सांगतो. २००९ सालचा माझा पहिला तिकिटाचा कार्यक्रम. शेवटची लढत माझ्या एका पोराची, वय १८, वजनगट ६० किलो. त्याचा फोटो फ्लेक्सवर छापून तीन चौकांत लावलेला. लढत रविवारी आणि त्याआधीच्या सोमवारी संध्याकाळी तो काट्यावर ६३.८ भरला. त्याच वेळी मी ती लढत ६४ किलोवर न्यायला हवी होती, नाहीतर रद्द करायला हवी होती. मी म्हणालो, ‘उतरव.’ पोरगा आज्ञाधारक. रेनकोट घालून दुपारच्या उन्हात पळाला, दोन दिवस जेवला नाही, शनिवारी रात्रभर रिकाम्या बाटलीत थुंकत बसला. रविवारी सकाळी काटा ५९.९ दाखवत होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी दुसऱ्या फेरीत त्याचे पाय गेले. रेफ्रीने एकदा आठ आकडे मोजले, मग दुसऱ्यांदा मोजले. त्याच्या कॉर्नरला, म्हणजे फेऱ्यांच्या मधे त्याला सांभाळायला, माझा मदतनीस होता. कॉर्नरवाल्याने रिंगमध्ये टॉवेल टाकला की हार मानून लढत थांबते. तो टॉवेल हातात धरून माझ्याकडे बघत होता, कारण मी त्याला सांगून ठेवलं होतं की मला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. आणि मी कुठे होतो? तिकिटांच्या टेबलाजवळ, पत्र्याच्या पेटीशी. समोर त्या पोराच्या वस्तीतली दोनशे माणसं तिकीट काढून बसलेली. मी मान हलवली नाही. वीसेक सेकंदांनी रेफ्रीने स्वतःच लढत थांबवली. त्या वीस सेकंदांत त्याला चार ठोसे डोक्यावर बसले. ते मी पाहिलेत.

रात्री त्याला उलट्या झाल्या. दवाखान्यात नेलं, स्कॅन झालं, रिपोर्ट नशिबाने चांगला आला. पहाटे त्याची आई आली. ती ओरडली नाही, काही नाही. एवढंच विचारलं, ‘सर, तुम्ही होता ना तिथं?’

त्या दिवसापासून माझ्या कार्यक्रमात मी कधी कॉर्नरला उभा राहत नाही आणि कॉर्नरवाल्याला कधी सूचना देत नाही. माझ्या पोरांच्या कॉर्नरला दुसऱ्या हॉलचा प्रशिक्षक असतो, ज्याला माझ्या तिकिटांशी देणंघेणं नाही. टॉवेल त्याचा, निर्णय त्याचा. रिंगजवळचे डॉक्टर ‘बस’ म्हणाले तर बस. हे मी कागदावर लिहून सही करून दोघांना देतो, कारण त्या गोंगाटात तोंडी शब्द टिकत नाही. आणि फ्लेक्स वजनाच्या आधी छापला तर त्यावर फोटो माझ्या पोरांचा नसतो, रिंगचा असतो.

अमेरिकेत याच कारणासाठी २००० साली कायदा झाला. मुहम्मद अलीच्या नावाने तो ओळखला जातो. लढत भरवणारा आणि खेळाडूचं हित बघणारा व्यवस्थापक यांचे आर्थिक हितसंबंध वेगळे असलेच पाहिजेत, असं त्यात आहे. ही वेळ का आली ते माइक टायसनच्या आयुष्यात दिसतं. त्याने आपल्याच प्रमोटरवर, डॉन किंगवर, १९९८ साली दावा लावला आणि तो २००४ मध्ये तडजोडीने मिटला. आपल्याकडे व्यावसायिक बॉक्सिंगसाठी कायद्याने नेमलेलं एकच नियामक मंडळ नाही, वेगवेगळ्या संस्था परवाने देतात. त्यामुळे ही भिंत आपल्याला कुणी बांधून देणार नाही, ती आपणच बांधायची आहे.

आता नोकरीचं. इथे मी अगदी स्पष्ट सांगतो, घरचे बरोबर आहेत, नोकरी धरा. बॉक्सिंग सोडायचं म्हणून नव्हे, पोरांच्या भल्यासाठी. मी २०१९ पर्यंत कारखान्यात तपासणी विभागात होतो. पहिली पाळी केली की संध्याकाळ हॉलला, दुसरी पाळी असली की पहाट हॉलला. घरचं रेशन पगारातून आलं, म्हणून एखादी लढत रद्द करायची वेळ आली तेव्हा हात थरथरला नाही. ज्याच्या घरची चूल पोराच्या लढतीवर पेटते त्याला पोराचं सुजलेलं नाक नीट दिसत नाही. माणूस वाईट असतो म्हणून नाही, गरज डोळ्यांवर येते.

अलीचंच बघा. १९५४ साली लुइव्हिलमध्ये बारा वर्षांच्या पोराची सायकल चोरीला गेली. चोराला बडवतो म्हणत तो तावातावाने तक्रार द्यायला गेला. ज्या पोलिसाकडे गेला तो जो मार्टिन. मार्टिन म्हणाला, बडवायचं तर आधी लढायला शिक. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. कमी लोकांना माहीत असतं की मार्टिन गावातल्या टीव्हीसाठी पोरांच्या हौशी लढतींचा कार्यक्रमही चालवायचा आणि अलीच्या सुरुवातीच्या लढती तिथेच झाल्या. म्हणजे शिकवणारा आणि भरवणारा एकच माणूस होता. तरी ते निभावलं. माझ्या मते निभावलं, कारण त्याचा पगार पोलीस खात्यातून येत होता.

याच्या उलट बाजूला कस डमॅटो. टायसन सुधारगृहात होता, तिथून या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने त्याला कॅट्सकिल गावातल्या घरात आणलं, पुढे कायदेशीर पालकत्वही घेतलं. जेवण, झोप, शिस्त, माया सगळं दिलं. मी त्या माणसाचा मनापासून आदर करतो. पण १९८५ च्या नोव्हेंबरात तो गेला, आणि पुढच्याच वर्षी विसाव्या वर्षी पोरगा जगज्जेता झाला तेव्हा ‘नाही’ म्हणणारं हक्काचं माणूस जवळ नव्हतं. पोराचा सगळा भार एका माणसावर टाकला की हे होतं. म्हणून माझ्या हॉलच्या प्रत्येक पोराला मी सोडून आणखी दोन मोठी माणसं असावीत असा माझा हट्ट असतो. एखादे शाळेतले सर, एखादी मावशी, एखादा जुना खेळाडू, कुणीही. त्यांचे फोन माझ्या वहीत असतात. आणि मी चुकतोय असं वाटलं तर पोराने त्यांना सांगायचं, हे मी पोरांसमोरच बोलतो.

तुम्ही घडवणं हा शब्द वापरलात. ते कुठे घडतं, विचाराल तर माझं उत्तर आहे बँडेज बांधताना. साडेचार मीटरची पट्टी. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटावर तीन वेढे, मग पंज्यावरून, मग बोटांच्या मधून एकेक फेरा, परत मनगट. दोन्ही हातांना मिळून सातआठ मिनिटं लागतात. बहुतेक पोरं स्वतः बांधायला शिकतात, शिकवायलाच हवं. तरी आठवड्यातून एकदा प्रत्येक पोराचं बँडेज मी बांधतो. त्याचा हात माझ्या हातात असतो, नजर खाली असते, आणि समोरासमोर बसून कधी न बोलणारं पोर तेव्हा बोलायला लागतं. बाप पिऊन येतो. ताईचं लग्न मोडलं. शाळेत तीन दिवस गेलो नाही. मी फार बोलत नाही, फेरे मोजत राहतो. हात थंड आहे का, नखं कुरतडलीत का, मुठीवर नवीन जखम आहे का, हे कळतं. रिंगबाहेर मारामारी केली की ती मुठीच्या हाडांवर दिसते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट कधी सैल सोडू नका. हॉलमध्ये त्या असतील तेव्हा एक जबाबदार बाई हजर हवी, प्रशिक्षक नसली तर एखादी आई चालेल. स्पर्धेच्या गावी मुक्काम असला तर बरोबर महिला व्यवस्थापक हवीच. माझ्या हॉलमध्ये मुलींचं बँडेज मोठ्या मुली बांधतात, बोलणंही त्यांच्याशीच होतं. काही वावगं कानावर आलं तर ‘आपसात मिटवू’ हा मार्ग नाही. १८ वर्षांखालच्या मुलामुलींच्या लैंगिक छळाची माहिती असून न कळवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. हे मी दर जूनमध्ये पालकांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवतो. वाचताना अवघड वाटतं, पण वाचल्यावर मुलींच्या आया जवळ येऊन बसतात.

शाळेचा नियम सांगताना मला माझी दुसरी चूकही सांगावी लागेल. सुरुवातीला माझ्याकडे पाटी होती: नापास झाला तर रिंग बंद. पालकांना फार आवडायची. एका वर्षी दापोडीचा एक पोरगा दहावीला दोन विषयांत गेला आणि मी त्याला नियमाने तीन महिने बाहेर ठेवलं. तीन महिन्यांनी तो आला नाही. हप्ते वसूल करणाऱ्या टोळक्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेला दिसला. मला बघून त्याने काच वर केली. मी दोनदा घरी गेलो, उशीर झाला होता. पाटी उतरवली. आता नापास झालेल्या पोराला मी संध्याकाळी एक तास आधी बोलावतो, हॉलच्या कोपऱ्यात टेबल आहे, तिथे कॉलेजचा एक जुना पोरगा गणित घेतो आणि मग ठोशांच्या बॅगेवर सराव. ज्याला शाळेने बाहेर काढलं त्याला हॉलनेही बाहेर काढलं तर तो जाणार कुठे? पण हे माझ्याकडे टेबल आणि शिकवणारा पोरगा आहे म्हणून जमतं. तुमच्याकडे नसेल तर आधी तो माणूस शोधा, रिंग नंतर.

आणि पोरांना खरं काय ते सांगा. २०१५ मध्ये विजेंदर सिंग व्यावसायिक झाला, ५ ऑगस्ट २०१७ ला त्याची लढत मुंबईत वरळीला झाली, आणि पुढचा महिनाभर माझ्या हॉलमध्ये प्रत्येकाला ‘प्रो’ व्हायचं होतं. मी त्यांना भिंतीजवळ बसवून क्रम सांगितला. आधी २००८ चं बीजिंग ऑलिंपिकचं कांस्य, बरोबर हरियाणा पोलिसातली नोकरी, आणि मग सात वर्षांनी व्यावसायिक लढत. सोळा वर्षांच्या पोरासाठी शिडी वेगळी आहे. १५-१६ चा ज्युनियर गट, १७-१८ चा यूथ, १९ पासून पुढे एलिट. शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत. लहान वयाच्या पोरांना लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या, म्हणजे मुलांना खेळ शिकवणाऱ्या तुकड्या, आणि अकोल्याची क्रीडा प्रबोधिनी. पुढे शासकीय नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, पोलीस भरती, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक अभ्यासक्रम, पंचांची परीक्षा. प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, एका फाइलमध्ये, दोन झेरॉक्ससह. पावसात भिजलेल्या प्रमाणपत्रामुळे पडताळणीच्या वेळी धावपळ झालेली मी पाहिली आहे. माझ्या हातून जी पोरं गेली त्यातली बहुतेक आज पोलिसात, सुरक्षेत, जिममध्ये, कारखान्यात आहेत. बॉक्सिंगवर घर चालवणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पालकांना हे पहिल्या दिवशी सांगितलं की पुढचे सगळे संबंध स्वच्छ राहतात.

कराराचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तो येणारच. मोठं इनाम ठेवणारा माणूस पुढे म्हणतो, ‘पोराला आपल्याकडे बांधून घेऊ.’ १८ वर्षांखालच्या मुलाने सही केलेला करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याने मुळातच रद्दबातल असतो. कागद दाखवून कुणी धमकावलं तर घाबरू नका, आणि तुम्हीही पोराकडून कशावर सही घेऊ नका. इनामाची रक्कम पोराच्या हातात नाही, माझ्याही हातात नाही. आईबरोबरच्या संयुक्त खात्यात, चेकने. पासबुक भरून आणलेलं मी बघतो. याचा कंटाळा येतो मुलांना, येऊ दे.

आता जोड लावण्याबद्दल, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे चार गोष्टी असतात: जन्मतारीख, आजचं वजन, आतापर्यंतच्या लढती, शेवटची लढत कधी आणि कशी संपली. तीन लढती झालेल्या पोरासमोर वीस लढती झालेला पोरगा मी लावत नाही, दोघं एकाच वजनाचे असले तरी. डोक्यावर ठोसा बसून लढत थांबली असेल तर हौशी नियमांप्रमाणे किमान ३० दिवस लढतही नाही आणि स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढतही नाही. तीन महिन्यांत दोनदा झालं तर ९० दिवस. वर्षात तीनदा झालं तर पूर्ण वर्ष. पोरगा ‘बरा आहे’ म्हणतोच. तारीख वहीत असली की वाद होत नाही.

आणि आपल्या पोराला टाळ्या मिळाव्यात म्हणून बाहेरून कमकुवत पोरगा आणायचा, ही सवय एकदा लागली की सुटत नाही. आपल्या पोराला खोटं वाटायला लागतं की तो तयार आहे, पुढे राज्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत ते उतरतं. पण मला जास्त लागतं ते पाहुण्या पोराचं. तो जालन्याहून, नांदेडहून रात्रीच्या एसटीने आलेला असतो. सगळं स्टेडियम त्याच्या विरुद्ध ओरडतं. हरल्यावर त्याच्याकडे कुणी बघत नाही. तोही कुणाच्या तरी हॉलचा पोरगा आहे, आणि त्या दिवशी त्याची जबाबदारी मी बोलावलं म्हणून माझ्यावर आहे. माझ्याकडे पहिल्या तीन लढतींपर्यंत जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला मानधन सारखं. दोघं एकाच पंगतीला जेवतात. डॉक्टर दोघांना जायच्या आधी पुन्हा तपासतात. एसटीत बसवून देताना मी त्याच्या प्रशिक्षकाला आणि घरी फोन करतो: उलटी, झापड, डोकं फुटल्यासारखं दुखणं यातलं काही वाटलं तर वाटेतच उतरून दवाखाना गाठा.

खर्चाचं थोडक्यात सांगतो, कारण गावागणिक दर बदलतात. माझी शेवटची १२ लढतींची रविवारची स्पर्धा २ लाख ८० हजारांत झाली. सगळ्यांत मोठा आकडा रिंगचं भाडं, ट्रक आणि जोडणी. मग रुग्णवाहिका आणि दोन डॉक्टर, मग पंचांचं मानधन आणि प्रवास, मग पोरांचं राहणं-जेवण. तिकिटांतून तिसरा हिस्सा आला. बाकी देणगी आणि माझा खिसा. फ्लेक्स आणि साउंडवर काटकसर करा, डॉक्टरांवर करू नका. रुग्णवाहिका निघून गेली तर दुसरी येईपर्यंत लढती थांबवायच्या, गर्दीने खुर्च्या आपटल्या तरी. पहिल्या कार्यक्रमाला तीन महिने धरा. आणि चौकातल्या उतारावर रिंग उभारू नका. दोऱ्यांच्या आत ६.१० मीटरचा चौकोन सपाट हवा, खालचे जॅक हलता कामा नयेत. मी अजून बॅटरी घेऊन रिंगखाली रांगत जातो आणि प्रत्येक जॅक हाताने हलवून बघतो. वर पोरं उभी राहणार आहेत, ते काम दुसऱ्यावर सोपवत नाही.

मग वाढदिवसाचं काय करायचं? त्या गृहस्थांना तोडून बोलू नका. त्यांना पोरांबद्दल खरंच काही वाटत असेल, तशी माणसं मी पाहिली आहेत. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ती गोष्ट तुमच्या जिल्ह्यात घराघरात माहीत आहे, तीच त्यांना सांगा. मग तीन गोष्टी मागा. एक, सोळा वर्षांच्या पोराची रोख इनामाची लढत नको. तेवढ्याच पैशात सगळ्या २७ पोरांना दात वाचवणारं गमशिल्ड, डोक्याला हेडगार्ड आणि वर्षभराचा अपघात विमा द्या. दुसरं, कार्यक्रम जिल्हा संघटनेच्या मान्यतेनेच होईल, कारण नोंदणी झालेला खेळाडू विनामान्यता लढला तर त्याच्या पुढच्या स्पर्धा अडचणीत येऊ शकतात. तिसरं, जोड लावणं, डॉक्टर आणि कॉर्नर यांत त्यांचा शब्द चालणार नाही आणि तुमचाही नाही.

हो म्हणाले तर त्यांच्या हाताने बक्षिसं द्या, हार घाला, त्यांच्या वाढदिवसाचा केक पोरांबरोबर कापा. नाही म्हणाले तर काही बिघडत नाही. त्या आठवड्यात एखाद्या रविवारी सकाळी तुमच्याच शेडमध्ये, तिकीट न लावता, पालकांना चटईवर बसवून सहा मैत्रीपूर्ण लढती घ्या. सांगली-मिरजेचा एखादा हॉल बोलवा. तुमच्या त्या पोराला त्या दिवशी लढवू नका, त्याला लहान पोरांच्या कॉर्नरला पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन उभा करा. टॉवेल कधी टाकायचा ते त्याला आधी सांगून ठेवा, आणि त्याने टाकला की रेफ्रीने थांबायचं, हेही सगळ्यांसमोर ठरवून ठेवा.

डॉक्टर मिळत नसतील तर तोवर लढती घेऊ नका, फक्त पॅडवरच्या आणि शॅडोच्या, म्हणजे हवेतल्या, ठोशांचं प्रात्यक्षिक दाखवा. माझ्याकडे जुन्या दोऱ्यांचा एक पूर्ण संच आहे, चारही, कव्हरसकट, शिवाय लाल-निळी कोपऱ्याची उशी. शेडला मजबूत खांब असतील तर त्यावर सराव-रिंग उभी राहते. टेम्पोचं भाडं तुम्ही बघा, दोऱ्या तुमच्या. खांबांची उंची आणि त्यांच्यामधलं अंतर मोजून इथेच लिहा, म्हणजे कड्या कुठे ठोकायच्या ते सांगतो.